मानेवरची शेवटची ओळ

चीनमधल्या दूझाय गावातल्या बायकांचे केस आखूड असतात. पाहुण्यांना याचं नवल वाटतं, कारण गावात जिकडे पाहावं तिकडे केसच केस. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेले, ओसरीवर पोत्यांत कोंबलेले, चपलांच्या तळव्यांना चिकटलेले. रश्श्यातल्या नूडल्समध्ये एखादा लांबलचक केस निघाला तर आमच्याकडे कुणी नाक मुरडत नाही. काढून बाजूला ठेवतात आणि पुढचा घास घेतात. पण दिवसभर परक्यांचे केस विंचरणाऱ्या बाईला स्वतःच्या केसांचे लाड करायला वेळ कुठला? ग्वेइझीनं तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी वेणी कापून टाकली.

त्या वेणीचीही एक गोष्ट आहे. तिचा नवरा लाओ दू तेव्हा सायकलवरून गावोगाव हिंडून केस गोळा करायचा. दारात घंटी वाजवायची, केस घ्यायचे आणि बदल्यात सुया, कंगवे, रंगीत दोरा द्यायचा. अठरा वर्षांची ग्वेइझी वेणी विकायला बाहेर आली, तेव्हा त्यानं ती हातात तोलून पाहिली आणि सोडून दिली. "ही नका विकू, डोक्यावरच राहू द्या," म्हणाला, आणि पुढच्याच महिन्यात लग्न जुळवणाऱ्या बाईला घेऊन हजर झाला. लग्नानंतर तिनं ती वेणी कापून त्याच्याच पोत्यात टाकली तेव्हा गडी दोन दिवस तोंड पाडून बसला होता. ती वेणी पुढे कुठल्या देशात कुणाच्या डोक्यावर गेली, देव जाणे.

आता ग्वेइझी एकोणसाठ वर्षांची आहे आणि चाळीस वर्षं ती केसांचे टोप गुंफते आहे. मांडीवर कापडी डोकं घ्यायचं, त्यावर बारीक जाळी ताणून बसवायची, हूक असलेल्या सुईनं एकेका भोकातून एक-दोन केस ओढून गाठ मारायची, की पुढचं भोक. कपाळापासून सुरुवात, शेवट मानेवर. एक टोप पुरा व्हायला वीस दिवस लागतात, आणि त्या वीस दिवसांत मान अशी अवघडते की शेजारणीनं हाक मारली तर अख्खं अंग वळवून पाहावं लागतं. आमच्या गावातल्या बायकांना चालण्यावरून ओळखत नाहीत, गाठीवरून ओळखतात. कुणाची गाठ घट्ट, कुणाची जरा लांब शेपटीची, कुणाची आळशी. ग्वेइझीची गाठ बारीक आणि उजवीकडे झुकलेली. शूचांग शहरातून माल तपासायला येणारी बाई टोप उलटा करून बघायची आणि न विचारता म्हणायची, "हा ग्वेइझीबाईंचा."

आणि एक गाठ होती डावीकडे झुकलेली. ती यानफांगची.

यानफांग त्यांची एकुलती एक मुलगी. डावखुरी जन्माला आली. तीन वर्षांची असताना तिनं डाव्या हातात जेवायच्या काड्या धरल्या तेव्हा आजीनं त्या काढून उजव्या हातात दिल्या. सहा वर्षांची झाली तशी शाळेतल्या बाईंनी पेन्सिल काढून उजव्या हातात दिली. आठव्या वर्षी ती आईशेजारी स्टुलावर बसून सुई चालवायला लागली, तर ग्वेइझीनं सुईही काढून घेतली. डाव्या हाताच्या गाठीचे केस उलट बाजूला पडतात. टोपात मध्येच दोन ओळी तशा आल्या, तर तिथे भांग नको असताना भांग पडतो, आणि तपासणारी बाई अख्खा टोप परत करते. एकदा असं झालं. वीस दिवसांचं काम उसवावं लागलं. त्या दिवशी ग्वेइझीनं पोरीचा डावा हात बाहीत ओढून बाहीच्या टोकाला गाठ मारली आणि म्हणाली, "आता बस उजव्यानं." पोर दिवसभर तशीच बसली, रडली नाही. संध्याकाळी लाओ दूनं घरी येऊन गाठ सोडली आणि बायकोशी बोलणं टाकलं.

ग्वेइझीला वाईट वाटलं. पण आमच्याकडच्या बायका वाईट वाटलं असं तोंडानं म्हणत नाहीत. तिनं दुसऱ्या दिवशी टोप शेवटच्या ओळीपर्यंत आणला, मानेवरची ती एक ओळ रिकामी ठेवली आणि कापडी डोकं पोरीच्या मांडीवर दिलं. "ही तुझी," म्हणाली. "कर डाव्यानं. इथे कुणी बघत नाही." मानेवरची शेवटची ओळ खरंच कुणी बघत नाही. तपासणारी बाई भांग बघते, कपाळ बघते, मानेपर्यंत येईतो तिला चहाची तल्लफ आलेली असते.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. प्रत्येक टोपाची शेवटची ओळ यानफांगची. आणि पोर लबाड. ओळ भरत आणायची आणि शेवटची पाच भोकं तशीच ठेवायची. "ही तुझी," म्हणायची आईला. त्या पाच गाठी मारायला ग्वेइझीला हातातलं काम टाकून तिच्याजवळ येऊन बसावं लागायचं. तेवढ्यासाठीच तर ठेवायची ती. मग पाच गाठींना अर्धा तास लागायचा, कारण शाळेत काय झालं, कुणाशी कट्टी झाली, सगळं तेवढ्यात सांगून व्हायचं असायचं.

तेविसाव्या वर्षी यानफांग शूचांगच्या एका कंपनीबरोबर जोहान्सबर्गला गेली. कंपनीचं तिथे दुकान होतं, आणि तिथल्या बायकांना आमच्या टोपांचं भारी वेड. ग्वेइझी तेव्हा गावभर सांगत फिरत होती की आमच्या यानफांगला इंग्रजी येतं. दर रविवारी फोन यायचा. तीन वर्षं बरी गेली.

मग साथीचं वर्ष आलं आणि त्या फेब्रुवारीत लाओ दू गेला. साथीनं नाही, हृदयानं. पण रस्ते बंद, विमानं बंद, गावाच्या वेशीवर मातीचा ढीग घातलेला. मयताला सातच माणसं होती. यानफांगनं फोन केला, बापाचा चेहरा दाखव म्हणाली. आणि ग्वेइझी, जिला तेव्हा कुणावर तरी राग काढायचाच होता, सात माणसांसमोर बोलून गेली, "केस विकायला जगभर जाता येतं, बापाला माती द्यायला तेवढं येता येत नाही. आता येऊच नकोस. कुणासाठी येणार आहेस?"

पलीकडून फोन बंद झाला. 

रविवारी येईल फोन, असं ग्वेइझीला वाटलं. नाही आला. पुढच्या रविवारीही नाही. दोन महिन्यांनी तिनं स्वतः लावला तर तो नंबरच राहिला नव्हता. कंपनी म्हणाली, नोकरी सोडली. नंतर एक माणूस भेटला, गावातल्या सोयऱ्यांपैकी, जोहान्सबर्गला बुटांचा धंदा करणारा. त्यानं यानफांगला एका बाजारात केसांच्या लहानशा गाळ्यात शोधून काढलं आणि सांगितलं, "आई बोलावतेय." ती त्याला चहा देऊन हसली. पुढच्या आठवड्यात गाळ्यात दुसरंच कुणी होतं. वर्षानं त्यानं तिला पुन्हा गाठलं, दुसऱ्या बाजारात. पुन्हा तेच. त्यानंतर ग्वेइझीनं त्याला हात जोडून सांगितलं की आता शोधू नका. "माझ्यावरच गेलीय," म्हणाली. "मलाही असं कुणी बोललं असतं तर मीही नसते आले."

हे सांगताना ती नेहमी हसायची, आणि हसून झालं की उठून चुलीपाशी काहीतरी करायला जायची.

पाच वर्षं गेली. धंद्याची रीत बदलली. पूर्वी टोप कंपनीकडे जायचा, कंपनी परदेशातल्या दुकानदाराला विकायची, दुकानदार गिऱ्हाइकाला. आता लाओ दूच्या धाकट्या भावाच्या मुलीनं, वेनचिंगनं, घरातल्या दोन खोल्या रिकाम्या करून ऑनलाइन दुकान उघडलं. एका खोलीत भिंतभर डोकी मांडलेली, दुसरीत खोके, चिकटपट्ट्या आणि दोन संगणक. अमेरिकेतली, आफ्रिकेतली बाई फोनवर बोट टेकवते आणि दूझायमधल्या खोलीत टिंग वाजतं. वेनचिंगला त्या टिंगचं इतकं वेड की जेवताना वाजलं तर तोंडातला घास तसाच ठेवून धावते. ग्वेइझी तिच्यासाठी टोप गुंफते. आणि टिंग वाजलं की एकच विचारते:

"जोहान्सबर्ग आहे का?"

"नाही काकू. टेक्सास."

"बरं."

असं दिवसातून दहा वेळा. जोहान्सबर्गचं असलं की तो खोका ग्वेइझी स्वतः भरते. त्या बारा अक्षरांच्या नावाचा आकार तिला पाठ झालाय, इंग्रजीतलं दुसरं एक अक्षर कळत नसलं तरी. टोप पातळ कागदात गुंडाळायचा, दोन चाप, एक झोपताना घालायची जाळी, एक आभाराचं कार्ड. कार्डावर वेनचिंगनं छापून घेतलंय की तुमचं सौंदर्य हाच आमचा आनंद. ग्वेइझी खोका बंद करण्याआधी टोपावरून एकदा हात फिरवते. वेनचिंग ते बघते आणि चिकटपट्टी पुढे करते.

गिऱ्हाइकं टोप घालून फोटो टाकतात, खाली दोन ओळी लिहितात. जोहान्सबर्गच्या बायकांचे फोटो ग्वेइझी तासन्‌तास बघते. चेहरे नाही बघत. त्यांच्या मागे काय आहे ते बघते. एखादी खिडकी, रस्त्याचा तुकडा, दुकानाची पाटी, आरशात दिसणारी दुसरी कुणी. इतक्या मोठ्या शहरात एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात आपली पोर उभी असेल असं मानणं वेडेपणाचं आहे, हे तिला कळत होतं. तरी बघायची.

या वर्षी चैत्रात, लाओ दूच्या थडग्यावरचं गवत काढून ती घरी आली, त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवसाची गोष्ट. वेनचिंग कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"काय झालं गं?"

"तीन तारे दिलेत बघा एकीनं. पाचातले तीन. जोहान्सबर्गची रेफिल्वे म्हणून आहे कुणी. म्हणते, केस छान आहेत पण भांगात गळले, दुरुस्त करून घ्यावा लागला. फोटो पण टाकलाय आतल्या बाजूचा, सगळ्या जगाला दिसेल असा."

"माझा टोप?"

"तुमचाच. पण चूक माझी. गाठींचा काळेपणा जावा म्हणून औषधात ठेवतो ना, त्यात मी जास्त वेळ ठेवला असणार. गाठी कुजल्या."

"तुला सांगितलं होतं, भात लावून औषधाकडे जाऊ नकोस म्हणून." ग्वेइझीनं चष्मा चढवला. "दाखव. कुणी दुरुस्त केलाय ते बघू. त्या देशात कुणाला येतं हे काम?"

वेनचिंगनं फोटो मोठा केला. टोप उलटा धरलेला, जाळी आतून दिसत होती. ग्वेइझीच्या उजवीकडे झुकलेल्या बारीक गाठी, ओळीमागून ओळ. आणि मध्ये, भांगाच्या जागी, अंगठ्याएवढा नवा तुकडा. त्या तुकड्यातली प्रत्येक गाठ डावीकडे झुकलेली होती. भांग असल्यामुळे केस दोन बाजूंना पडायचेच होते, त्यामुळे बाहेरून काही कळलं नसतं. गाठ मारताना शेवटी दोनदा पीळ दिलेला. असा दोनदा पीळ फक्त एकच मुलगी देते, कारण आठ वर्षांची असताना तिला वाटायचं की एकदा दिला तर केस निसटून जाईल.

ग्वेइझीनं स्टूल ओढलं आणि बसली. 

"काकू?"

"ही यानफांग आहे."

"कुठेय? यात कुणीच नाही काकू. नुसती जाळी आहे."

"मी सांगते ना. तिचा हात आहे हा."

वेनचिंगनं आधी फोटोकडे पाहिलं, मग काकूंकडे. ती याच गावात वाढलेली. गाठ ओळखणं म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं लगेच रेफिल्वेला लिहायला घेतलं. आधी माफी मागितली, मग विचारलं की दुरुस्ती इतकी सुंदर कुणी केली. उत्तर दुपारी आलं, फोननं भाषांतर करून वाचून दाखवलं: माझ्या कामाच्या जागेजवळ केस दुरुस्त करणारी एक चिनी ताई आहे. फार बोलत नाही. डाव्या हातानं काम करते. टोप हातात घेतल्यावर बराच वेळ उलटून पाहत होती. पैसे घेतले नाहीत.

"बराच वेळ उलटून पाहत होती," ग्वेइझी म्हणाली. "ऐकलंस? मी तिची गाठ ओळखली, तर तिनं माझी ओळखली नसेल?"

"मग आता विचारायचंच. लिहिते मी. त्या ताईला म्हणावं, तुझी आई..."

"नाही."

"का नाही?"

"दोन वेळा माणूस पाठवला, दोन वेळा ती जागा सोडून गेली. आता तिसऱ्यांदा निरोप गेला तर कुठे शोधायचं तिला? बोलूनच घालवलीय मी तिला. आता परत बोलून कशी आणू?"

"मग न बोलता काय करणार?"

 ग्वेइझी घरी गेली, तिनं जपून ठेवलेल्या केसांतला सगळ्यात चांगला जुडगा काढला, कापडी डोक्यावर नवी जाळी ताणली आणि सुई हातात घेतली. बावीस दिवस ती खोलीतून फारशी बाहेर आली नाही. शेजारणी म्हणाल्या, म्हातारीला राणीची ऑर्डर आलेली दिसतेय. बावीस दिवसांनी ती टोप घेऊन वेनचिंगकडे आली आणि म्हणाली, "हा त्या रेफिल्वेला पाठव. खराब निघाला त्याच्या बदल्यात. फुकट."

वेनचिंगनं टोप उलटला. कपाळ बघितलं, भांग बघितला, आणि मानेपाशी येऊन थांबली. "काकू, ही ओळ राहिलीय."

"राहिलेली नाही. ठेवलीय."

"अर्धवट माल पाठवायचा? आधीच तीन तारे दिलेत तिनं. आता एक दिला तर दुकान यादीत खाली जाईल, कुणाला दिसणार पण नाही. तुम्हाला माहितेय ना, हे नवरा-बायकोचं भांडण नाही, एकदा पडलेला तारा परत चढत नाही."

"माहितेय."

"आणि ती बाई म्हणेल, काय ही माणसं, एकदा गळका दिला, एकदा अपुरा."

"म्हणू दे. तिला लिही की शेवटची ओळ मुद्दाम सोडली आहे. ज्या ताईनं आधीचा दुरुस्त केला तिच्याकडूनच भरून घ्या. दुसऱ्या कुणाकडून नको. बास, एवढंच." मग म्हणाली, "वेनचिंग, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही गं."

हे खरं नव्हतं. ग्वेइझी रोज काही ना काही मागायची, चिकटपट्टी, चहा, चष्म्याचं पुसणं. पण वेनचिंगचे डोळे भरून आले आणि तिनं खोका पुढे ओढला. आभाराचं कार्ड टाकायला गेली तर ग्वेइझीनं ते काढून घेतलं. "त्यात माझं काही नाही," म्हणाली.

पार्सल निघालं. आता फोनवर पार्सल कुठे आहे ते दिसतं, आणि हा एक छळच आहे. पूर्वी माणूस वाट बघायचा आणि विसरायचा. आता दर तासाला आठवण करून देणारं यंत्र खिशात. झेंगझोऊच्या विमानतळावर पोचलं. चढलं. उतरलं. मग कस्टम्सपाशी जे अडकलं ते अडकलंच. अकरा दिवस एकच ओळ. ग्वेइझी सकाळी मिरे घातलेलं सूप पिताना विचारायची, दुपारी कणीक तिंबताना विचारायची.

"आहे तिथेच आहे काकू."

"काय करत असतील ते इतके दिवस?"

"उघडून बघत असतील."

"बघून काय कळणार त्यांना?" ग्वेइझी म्हणायची. पण तिला भीती वाटायची की एखादा शहाणा साहेब ती रिकामी ओळ बघून म्हणेल, माल सदोष आहे, परत पाठवा.

या दिवसांत तिनं एक गोष्ट केली, ती कुणाला सांगितली नाही. घरी दार लोटून ती जुन्या जाळीवर डाव्या हातानं गाठी मारून बघायची. जमायचं नाही. सुई बोटात जायची, केस निसटायचा. चाळीस वर्षांचा हात आणि दहा गाठींना पाऊण तास. बाहीत बांधलेल्या त्या हाताची तिला तेव्हा आठवण व्हायची. त्या पोरीनं आयुष्यभर उजवं जग डाव्या हातानं ओढलं, आणि आपण शाबासकी म्हणून काय दिलं, तर मानेवरची एक ओळ, जी कुणी बघत नाही. तिला रडू यायचं, ती रडायची आणि मग चष्मा पुसून परत सुई धरायची.

बाराव्या दिवशी पार्सल सुटलं. पंधराव्या दिवशी पोचलं. आणि मग आठवडाभर काहीच नाही. ग्वेइझीनं जेवण निम्म्यावर आणलं. नवव्या दिवशी टिंग वाजलं आणि वेनचिंगचा आवाज अंगण ओलांडून आला. "काकू, पाच तारे. पाचच्या पाच."

फोटोत रेफिल्वे समोरून हसत होती. गोल चेहरा, पिवळा ब्लाउज, केस खांद्यावर उतरलेले. टोप तिला फारच शोभत होता. खाली लिहिलं होतं, अप्रतिम, धन्यवाद. ग्वेइझीनं फोटो बघितला, मोठा केला, लहान केला.

"मागून?"

"मागून नाही टाकला."

"ओळीचं काही लिहिलंय?"

"नाही हो. अप्रतिम, धन्यवाद. एवढंच."

म्हणजे भरून घेतलीच नसेल. मानेवर कोण बघतं? चांगला टोप फुकट मिळाला, घातला, झालं. तिचीही काही चूक नाही. कामाला जाणारी बाई, तिला काय पडलंय. ग्वेइझीनं हे सगळं स्वतःला समजावलं आणि दोन दिवस वेनचिंगकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी वेनचिंगच्या दारात उभी राहिली.

"परत लिही तिला."

"काकू, एका गिऱ्हाइकाला किती छळायचं? पाच तारे दिलेत तिनं."

"लिही की ज्या म्हातारीनं हा टोप केला तिला मानेकडची बाजू बघायची आहे, आतून. म्हणावं, तिनं ती अर्धी सोडली होती आणि तिला चैन पडत नाहीये. असंच लिही. गोड करू नकोस."

वेनचिंगनं तसंच लिहिलं.

उत्तर आलं ते रविवारी. ग्वेइझी जेवणासाठी कणीक ओढून नूडल्स करत होती, कोपरापर्यंत पीठ. वेनचिंग धावत आली आणि फोन तिच्या तोंडासमोर धरला. 

टोप उलटा. जाळी. ग्वेइझीच्या ओळी मानेपर्यंत उतरत आलेल्या, सगळ्या उजव्या. आणि त्यांच्याखाली, मानेवर, शेवटची ओळ. एका कानापासून सुरू झालेली, डावीकडे झुकलेली, गाठीगाठीला दोनदा पीळ दिलेला. ग्वेइझी पिठाच्या बोटानं एकेक गाठ मोजत दुसऱ्या कानाकडे निघाली. काचेवर पांढरी रेघ उमटत गेली. रेघ टोकापाशी आली आणि थांबली. तिथे गाठी नव्हत्या. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच भोकं रिकामी होती.

"खाली काय लिहिलंय?" तिनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

वेनचिंगनं नाक पुसलं आणि वाचलं. "आजींना सांगा, ताईनं ओळ भरली. तीन दिवस ठेवून घेतला होता टोप तिनं. मी न्यायला गेले तर म्हटलं, ताई, टोकाला पाच भोकं राहिलीत. तर म्हणाली, ती माझी नाहीत. जिची आहेत तिच्यासाठी ठेवलीत. मी विचारलं, ती कधी येणार? तर ताई म्हणाली, मी इथेच आहे, जागा बदलणार नाही."

चुलीवरचं पाणी उकळून झाकण हलायला लागलं होतं. ग्वेइझीनं आधी जाळ कमी केला. मग हात धुतले, एकेक बोट नीट चोळून, नखांतलं पीठसुद्धा. कपाटातून तिनं हूक असलेली सुई काढली, चाळीस वर्षं हातात खेळलेली, लाकडी मुठीवर अंगठ्याचा खळगा पडलेली. ती रुमालात गुंडाळली, पुन्हा सोडली, टोकाला बोट लावून पाहिलं, पुन्हा गुंडाळली.

"वेनचिंग," ती म्हणाली, "विमानात सुई नेऊ देतात का गं?"